श्रद्धा आणि स्वीकार यांनी खरंच स्वतःच्या कमजोरीची ताकद होते का?

तुम्ही विचारलंय की "देवावर सोड, स्वतःला स्वीकार" असं सगळे सांगतात पण त्याने खरंच काही होतं का, की ती नुसती मनाची समजूत. मी माझ्यापुरतं सांगतो, कारण मी लहानपणापासून अडखळत बोलतो आणि ते आजही पूर्ण गेलेलं नाही.

अडखळण्यापेक्षा ते लपवण्याचा त्रास जास्त असतो, हे बाहेरून दिसत नाही. एखाद्या शब्दावर अडकणार असं वाटलं की मी आख्खं वाक्यच फिरवायचो, फोन वाजला की दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला लावायचो. पण स्वतःच्या नावाला दुसरा शब्द कुठून आणणार? मीटिंगमध्ये ओळख करून द्यायला सुरुवात झाली की मी मोजत बसायचो, माझ्याआधी सहा जण, आता चार, आता एक, तळहात ओले व्हायचे आणि पाळी आली की ओठ मिटलेले ते मिटलेलेच, आवाजच नाही. देवाकडे वर्षानुवर्षं एकच मागणं, हे काढून टाक.

गंमत म्हणजे सगळ्यांबरोबर प्रार्थना म्हणताना मी कधीच अडखळलो नाही. नंतर स्पीच थेरपिस्टकडून कळलं की बहुतेक अडखळणाऱ्यांचं असंच असतं, एका सुरात म्हणताना किंवा गाताना शब्द सुटतात. मला मात्र तो पहिला दिलासा वाटला होता, की माझा आवाज शाबूत आहे.

त्याच सुमारास बायबलमधली मोशेची गोष्ट परत वाचली. देव त्याला आपल्या लोकांना गुलामीतून सोडवायला पाठवू बघतो. तो म्हणतो माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. देव त्याची जीभ नीट करत नाही, भावाला, अहरोनाला, सोबत देतो आणि पाठवतो मात्र त्यालाच. तिथे मी खूप वेळ थांबलो. त्यानंतर माझी प्रार्थना बदलली, हे असतानाही मला बोलू दे एवढंच मागायला लागलो.

आणि स्वीकार म्हणजे हात बांधून बसणं नाही हो. थेरपिस्टने मला आधीच सांगून टाकायला लावलं, "मी अडखळतो, जरा वेळ लागेल." मुद्दाम अडखळायलाही लावलं! पहिल्यांदा फोनवर ते म्हटलं तेव्हा हात थरथरत होता, पलीकडून फक्त "सावकाश बोला" एवढंच आलं. लपवायचं काही उरलं नाही तशी भीती कमी झाली, आणि भीतीबरोबर जबड्यातला ताणही.

ताकद म्हणाल तर ती मला दुसऱ्याचं ऐकून घेण्यात मिळाली. एखादा गप्प झाला की मी त्याचं वाक्य पूर्ण करून देत नाही, थांबतो, कारण ते तोंडातून काढून घेतलेलं वाक्य किती लागतं ते मला माहितीये. लोक माझ्याजवळ मन मोकळं करतात ते त्यामुळेच असं मला वाटतं.

तुमची कमजोरी कोणती ते तुम्ही लिहिलं नाहीये. राग किंवा व्यसन असेल, दुसऱ्याला इजा होत असेल, तर "मी असाच आहे" म्हणून सोडून देऊ नका, तिथे स्वीकार म्हणजे आधी कबुली आणि मग मदत मागणं.

गेल्याच आठवड्यात नव्या लोकांसमोर पुन्हा नावावर अडकलो, चारपाच सेकंद तरी गेले असतील. खाली बघितलं नाही. मग नाव आलं आणि मी पुढचं बोलायला लागलो.