लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) डेस्कटॉपमध्ये सुधारणा सुचवायची असेल तर कुठे सुचवायची? सामान्य वापरकर्त्याचं कुणी ऐकतं का?

ऐकतात. उशिरा ऐकतात, कधी कधी इतक्या उशिरा की सुचवणारा तोवर कंटाळून दुसरीकडे गेलेला असतो, पण ऐकतात. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुमच्या ओळखीतला एकजण म्हणाला, "फुकट मिळतंय ना, मग नावं कशाला ठेवता, जमत असेल तर स्वतः पॅच पाठवा." (पॅच म्हणजे कोडमधली दुरुस्ती.) हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण हेच वाक्य मी आधीच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या तोंडून ऐकलंय आणि तेव्हा जे बोलायचं राहून गेलं ते आज बोलतो.

झालं असं की आईच्या कॉम्प्युटरवर मी उबंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकून दिलं होतं. तिचं काम मोजकं. मेल, बातम्या आणि नातेवाइकांना फोटो पाठवणं. मशीन जुनं असूनही मस्त चालत होतं, कशाची तक्रार नव्हती. एकदा सहज मागे उभा राहून बघितलं तर बाई वही-पेन घेऊन बसलेली. फोटोंचं फोल्डर उघडायचं, तिथे फोटो छान दिसतात, हवा तो शोधायचा, त्याच्या नावातले शेवटचे आकडे वहीत उतरवायचे, मग मेलमध्ये येऊन फाइल जोडायचं बटण दाबायचं आणि जी विंडो उघडेल तिच्यात नुसत्या नावांची लांबलचक यादी, त्यात स्क्रीनवर बोट फिरवत ते आकडे शोधत खाली खाली जायचं. कारण त्या विंडोत थंबनेल (फोटोंची छोटी चित्रं) दिसायचेच नाहीत. फार तर ज्या फाइलवर क्लिक केलंय तेवढ्या एकीचा प्रीव्ह्यू बाजूला यायचा, तोही प्रत्येक ॲपमध्ये नाही. मी म्हटलं अगं फोल्डरमधून थेट ओढून मेलमध्ये टाक की. तर दोन विंडो शेजारी लावायच्या, बटण दाबून धरायचं, मध्येच बोट सुटायचं आणि फोटो भलतीकडेच. तिने परत वही उघडली. म्हणाली, "असू दे रे, मला सवय झालीये."

ही सवय झालीये म्हणणारी माणसं कुठल्याच सर्व्हेत येत नाहीत, बग नोंदवत नाहीत, आणि म्हणून डेव्हलपरला वाटतं सगळं ठीक चाललंय. माझा राग तिथे आहे.

दुसऱ्या दिवशी हे त्या सहकाऱ्याला सांगितलं. तो पक्का लिनक्सवाला, टर्मिनलशिवाय (कमांड टाइप करायची विंडो) बोलायचा नाही. त्याने ते वाक्य ऐकवलं आणि वर म्हणाला की थंबनेल हवे असतील तर केडीई, म्हणजे लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप, टाक. केडीईच्या फाइल निवडायच्या विंडोत थंबनेल कधीपासून आहेत हे खरंच आहे, पण म्हणजे काय, एका विंडोसाठी आईने अख्खा डेस्कटॉप नव्याने शिकायचा?

आता "पॅच पाठवा"चं बघा. फाइल निवडायची ती विंडो जीटीके नावाच्या टूलकिटमधून (विंडो-बटणं बनवायचा तयार कोड) येते, उबंटूमधला डेस्कटॉप ग्नोम त्याच्यावर उभा आहे. तिथे थंबनेलची मागणी २००४ साली नोंदवली गेली होती. दोन हजार चार! आणि पॅच नव्हता असं अजिबात नाही. लोकांनी पॅच लिहिले होते, आर्च हा लिनक्सचा प्रकार वापरणारे कित्येकजण जीटीके स्वतः कंपाइल करून (कोडपासून तयार करून) तो पॅच लावून वापरायचे. मुख्य कोडमध्ये मात्र तो गेला नाही. शेवटी जीटीके ४ मध्ये याद्या आणि ग्रिड (चौकटींत मांडलेली चित्रं) दाखवायचं सगळं यंत्र नव्याने लिहिलं गेलं, त्याच्यावर ही विंडो आणली गेली आणि मग ४.१० मध्ये ग्रिड व्ह्यू आला. ते आलं २०२३ मध्ये, ग्नोम ४४ सोबत. म्हणजे पॅच असून भागलं नाही, आतली घडण बदलावी लागली, आणि ती बदलेपर्यंत ती मागणी जिवंत ठेवली ती तक्रार करणाऱ्यांनीच. तेव्हा तक्रार हेसुद्धा काम आहे, कोड लिहिण्याइतकंच, हे माझं स्पष्ट मत आहे.

फक्त तक्रार नीट करा. "लिनक्स विंडोजसारखं करा" ही सूचना नाही. "मेनू सुंदर करा" हीसुद्धा नाही. उबंटूने २००८ मध्ये ब्रेनस्टॉर्म नावाची साइट काढली होती, कुणीही कल्पना टाकायची आणि बाकीच्यांनी मतं द्यायची. कल्पनांचा ढीग साचला, पण मतं पडली म्हणून कोड लिहायला माणूस उभा राहत नाही, २०१३ मध्ये ती बंद केली. त्याउलट २००९ मध्ये त्यांनीच 'हंड्रेड पेपरकट्स' चालवलं, म्हणजे नव्या फीचरच्या गप्पा नाहीत, सामान्य माणसाला रोज टोचणाऱ्या आणि दुरुस्त करायला सोप्या अशा शंभर बारीक गोष्टी निवडायच्या आणि निस्तरायच्या. मला हा मार्ग जास्त पटतो. केडीईवाले २०२२ पासून असंच '१५ मिनिटांचे बग' करतात, म्हणजे डेस्कटॉप वापरायला घेतल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत जे खटकतं ते आधी घ्यायचं.

तर लिहिताना उपाय सांगत बसू नका, काम कुठे अडलं ते सांगा. "थंबनेल द्या" यापेक्षा "दोनशे फोटोंतून एक जोडायचाय, नावावरून ओळखता येत नाही, म्हणून आकडे वहीत लिहावे लागतात" हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. व्हर्जन लिहा, एका नोंदीत एकच गोष्ट. कुठे म्हणाल तर जो भाग बिघडलाय त्याच्या मूळ ठिकाणी. ग्नोमचं गिटलॅबवर, केडीईचं त्यांच्या बगझिलावर, मिंट या लिनक्सच्या आणखी एका प्रकाराचं गिटहबवर, उबंटूने स्वतः जे जोडलंय ते लॉंचपॅडवर; या सगळ्या बग नोंदवायच्या साइट आहेत. कुठला भाग कुणाचा हे कळत नसेल तर डिस्ट्रोकडे (उबंटू, मिंट असे लिनक्सचे प्रकार बनवणाऱ्यांकडे) टाका, ते पुढे ढकलतात.

हां, एक राहिलं. बरेच डेव्हलपर बिनपगारी आहेत, त्यांच्यावर ओरडू नका, आणि नकार आला तर तोही कधी कधी बरोबर असतो, कारण एकाची सोय ही दुसऱ्याची अडचण असते. केडीईने आपल्या डेस्कटॉपच्या प्लाझ्मा ६ या आवृत्तीत फाइल उघडायला डबल क्लिक डिफॉल्ट केलं, नव्या माणसाला ते ओळखीचं वाटतं, पण सिंगल क्लिकवर हात बसलेल्यांना सेटिंग बदलावं लागलं. आणि आधीच्या जीटीके ३ वरची ॲप अजूनही आहेत, त्यांना ते ग्रिड आपोआप मिळालेलं नाही. फायरफॉक्समध्ये पोर्टलवाला फाइल पिकर (फाइल निवडायची विंडो ॲपऐवजी डेस्कटॉपकडून मागवायची सोय) चालू केला की डेस्कटॉपची स्वतःची विंडो उघडते, आईच्या मशीनवर मी तेच करून दिलंय.

तुमची नोंद आधीच कुणी केलेली असेल तर खाली नुसतं "मला पण" लिहू नका, तुमचं काम कुठे अडतं तेवढं दोन ओळींत लिहा. आणि तुमच्या त्या ओळखीच्या माणसाला २००४ ची ती नोंद दाखवा, पॅच असताना ती २०२२ मध्ये कोड आत जाईपर्यंत १८ वर्षं उघडी का होती ते विचारा. माझ्या सहकाऱ्याला मी हे विचारायच्या आतच तो नोकरी सोडून गेला.