अक्षर मुलीचं, मजकूर तुमचा

जिंतूर तालुक्यातल्या एका वडिलांनी व्हॉट्सॲपवर दोन फुलस्केप पानांचे फोटो पाठवलेत. मजकूर थोडक्यात असा:

"मॅडम, सात एकर शेती, दोन बोअर कोरडे गेले, तिसऱ्याला थोडं पाणी लागलं. मोठ्या मुलीने बारावीसोबत डॉक्टरकीची नीट परीक्षा दिली, ३२८ मार्क आले. मग वर्षभर लातूरला रिपीटर बॅच लावली, ३७४ आले. तिची आई तिच्यासोबत खोली करून राहिली. सगळं मिळून सव्वादोन लाख गेले. आता तिसऱ्यांदा बसवायचं ठरलं आहे. परभणीला एक करिअर कोच आहेत, तीन बैठकांचे पाच हजार म्हणतात. नुसतं बोलायचे पाच हजार, हे पटत नाही. आमचे मेहुणे पंचायत समितीत आहेत, ते फुकट सांगतात. मुलीला असं कुठे नेलं की लोकही वेगळंच बोलतात, उद्या स्थळं बघायची आहेत. मागे बोटांचे ठसे घेऊन रिपोर्ट काढला होता, तीन हजार पाण्यात गेले. मुलीला अजून काही कळत नाही. हल्ली दिवसा झोपते, मैत्रिणींचे फोन घेत नाही. कोच लावला तर सिलेक्शनची ग्यारंटी आहे का? हो की नाही, एवढंच कळवा. माझं अक्षर बरं नाही म्हणून हे तिच्याकडूनच लिहून घेतलं आहे."

भाऊ,

शेवटच्या वाक्यापर्यंत आले आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

अक्षर छान आहे तिचं. गोल, सुटं, खाडाखोड कुठेही नाही. "मुलीला अजून काही कळत नाही" हे वाक्यसुद्धा तिनेच लिहिलंय, पूर्णविरामासकट. "दिवसा झोपते" हेही. तुम्ही बाजेवर बसून सांगत असणार आणि ती खाली मांडी घालून स्वतःबद्दलची तक्रार सुवाच्य अक्षरात उतरवत असणार. मग फोटो नीट यावा म्हणून पानही तिनेच धरलं असेल, एका फोटोत कोपऱ्याला अंगठा दिसतोय. त्याच अंगठ्याचा ठसा घेऊन मागे कुणीतरी तीन हजार घेतले होते, त्यावर पुढे बोलू. "ठरलं आहे" या शब्दांवर मात्र पेन असं दाबलंय की त्याचा व्रण दुसऱ्या पानावर उमटलाय. पेनच खराब असेल कदाचित. तरी ते पान एकदा हातात घेऊन बघा.

ठरलं आहे म्हणता, ते ठरवलं कुणी? दोन पानांत ते कुठेच नाही. आपल्याकडे मुलं नीटला बसत नाहीत, त्यांना बसवतात. बोअरमध्ये मोटार बसवतात, मखरात गणपती बसवतात, तसंच. तुमची मुलगी आता एकोणीस वर्षांची असेल. मतदान करते. तिला डॉक्टर व्हायचंय का, हे पत्रात एका शब्दाने नाही. आणि तिच्या आईचा उल्लेख फक्त खोली करून राहिल्याचा. वर्षभर ती बाई घरदार सोडून दहा बाय दहाच्या खोलीत पोरीच्या पुस्तकांसोबत राहिली. मुलीला काय होतंय हे सगळ्यात जवळून तिने पाहिलंय. तिला विचारलंत?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आत्ता कोच लावू नका. परभणीचे नको, दुसरे नको आणि मीही नको. मी याच धंद्यात आहे, फी घेते, म्हणजे हे माझ्या पोटावर पाय देऊन सांगतेय.

याचा अर्थ तुमची सगळी कारणं बरोबर आहेत असा मात्र घेऊ नका. पैशाचं कारण मला मान्य. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि मोंढ्यात तो हातात पडेलच असं नाही. म्हणजे पाच हजार हे जवळपास एका क्विंटलचे पैसे झाले. घासाघीस करा, एका बैठकीचे किती ते विचारा, त्यात लाज कसली. पण सव्वादोन लाख देताना कुणाला काही विचारलं नाहीत आणि पाच हजारांशी हात अडला, हे मला नवीन नाही. नव्वदच्या दशकात लातूर पॅटर्नची मुलं बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांत झळकायला लागली, तेव्हापासून अख्ख्या मराठवाड्याला एक सवय लागली: पोराला पळवणाऱ्याला पैसे द्यायचे. पळायचंय का, हे विचारणाऱ्याला कशाला द्यायचे, तो तर नुसता बोलतो!

ग्यारंटीचं मात्र जरा सविस्तर बोलते, कारण गैरसमजाचं मूळ तिथे आहे. तुम्ही तीन बोअर घेतले. माझे वडीलही शेतकरीच होते, म्हणून अंदाजाने सांगते, तिन्ही वेळा पाणाड्याला बोलावलं असणार. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतातून चालला, एका जागी नारळ उभा राहिला, त्याने टाचेने खूण केली आणि तुम्ही पैसे दिलेत. दोनदा धूळ निघाली. त्याच्याकडे ग्यारंटी मागितलीत? तिसऱ्या वेळी कदाचित त्यालाच बोलावलं असेल. पाणाड्या जागा दाखवतो, दिसेल असं काहीतरी करतो, म्हणून पैसे दिल्यासारखे वाटतात. कोचकडूनही लोकांना हेच हवं असतं. मुलीला समोर बसवायचं, त्याने डोळे मिटून सांगायचं की हिच्यात डॉक्टर आहे, इथे खणा. ज्याला काम कळतं तो हे सांगणार नाही. तो मुलीला प्रश्न विचारेल, तुम्हाला बाहेर बसवून विचारेल, तिने दिलेलं उत्तर पुढच्या बैठकीत तिच्याच पुढे ठेवेल. निर्णय तिचा तिला घ्यावा लागेल. आणि ग्यारंटीचं म्हणाल तर ती क्लासवाल्यांनाही देता येत नाही. कोचिंग सेंटरसाठी केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत रँकची किंवा गुणांची हमी देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. फ्लेक्सवर काय छापतात ते सोडा.

आता बोटांचे ठसे. इथे तुमचा राग शंभर टक्के खरा आहे. गोल चकत्या, रंगीत आलेख, "तुमच्या पाल्यात उपजत नेतृत्वगुण" वगैरे छापलेली जाड फाइल मिळाली असेल. माझ्याकडेही लोक अशा फाइली घेऊन येतात. दोन भावांच्या दोन फाइली शेजारी ठेवून वाचल्या तर नावं सोडून फारसं काही बदलत नाही. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच पक्क्या होतात. त्यांवरून बुद्धी, कल किंवा करिअर कळतं, याला मानसशास्त्रात आधार नाही. तीन हजार गेले ते गेले. पण त्यावरून असा समज पक्का करू नका की सगळेच तसले. आपल्याकडे करिअर कोच म्हणून बोर्ड लावायला परवाना लागत नाही, हाच मोठा घोळ आहे. चपला शिवणाऱ्याला हत्यार चालवता यावं लागतं, आमच्या धंद्यात तेवढंही कुणी तपासत नाही. प्रवेशाच्या हंगामात तर खाजगी कॉलेजांचे दलालही "करिअर कौन्सेलर" होतात. फी अजिबात घेत नाहीत, चहा पाजतात आणि चौथ्या वाक्याला मॅनेजमेंट कोट्यावर किंवा परदेशातल्या एमबीबीएसवर येतात. तिकडून डिग्री आणून इथे पुन्हा परीक्षा पास व्हावी लागते, हे सातव्या वाक्यातसुद्धा येत नाही. म्हणून उद्या कुणाकडे गेलात तर पहिलं हेच विचारा: कोणत्या कॉलेजकडून किंवा क्लासकडून कमिशन घेता का? तोंडाकडे बघत विचारा.

मेहुण्यांचा सल्ला फुकट आहे असं तुम्हाला वाटतं. तो मानला नाही तर दिवाळीला त्यांच्याकडे जाऊन बघा.

लोक काय म्हणतील, हे मात्र मला खरंच बोचलं. गुडघा दुखला की बिनदिक्कत नांदेडला नेता, अख्ख्या गावाला सांगून नेता. मुलीच्या मनाचं काही विचारायला नेलं की तिचं डोकं बिघडलं. हे गाव म्हणतं हे मला माहीत आहे, मी त्यातच वाढले. आणि ज्या स्थळाला मुलगी कुणाशी बोलायला गेली होती एवढ्यावरून नकार द्यायचाय, ते स्थळ गेलेलं बरं.

पण भाऊ, मी कोच नको म्हणतेय त्याचं खरं कारण तुम्ही ओझरतं लिहिलेलं ते एक वाक्य आहे. दिवसा झोपते, मैत्रिणींचे फोन घेत नाही. हे आळशीपणाचं लक्षण समजू नका. दोनदा निकाल मनासारखा लागला नाही, घरचे सव्वादोन लाख आणि आईचं वर्ष डोक्यावर, आणि तिसऱ्यांदाचं तिला न विचारता ठरलेलं. रात्री झोप लागत नसेल म्हणून दिवसा झोपत असेल. हे कोचचं काम नव्हे. जेवण तुटलंय का, पूर्वी आवडायचं ते आता नकोसं झालंय का, "माझा काही उपयोग नाही" असं काही बोलते का, हे तिच्या आईला विचारा. यातलं काहीही असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा, केसपेपर काढून जसं इतर दुखण्याला जातो तसंच. तिला स्वतःला बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. कुठल्याही वेळी लागतो, मराठीत बोलतात, पैसे नाहीत. हा नंबर तुम्ही तिला देऊ नका, तिच्या आईला देऊ द्या. आणि जीव नकोसा झाल्यासारखं काही बोलली तर त्याच दिवशी न्या, तिला एकटं ठेवू नका.

पुढच्या वाटांचं सांगायचं तर त्या काही संपलेल्या नाहीत. पशुवैद्यकीयचे प्रवेश नीटवरूनच होतात आणि परभणी, उदगीर ही दोन्ही कॉलेजं आपल्याच भागात आहेत. बीएस्सी कृषीला सीईटी लागते आणि कृषी विद्यापीठ १९७२ पासून तुमच्या जिल्ह्याच्या गावीच आहे. नर्सिंगची सीईटी वेगळी. एवढंच. यातलं काय घ्यायचं हे मी मुद्दाम सांगत नाही. ३२८ वरून ३७४ झाले म्हणजे मुलगी शिकतेय हे दिसतं. तिसरं वर्ष घातलं तर किती होतील, हे तुम्हाला नाही, मला नाही आणि परभणीच्या कोचलाही सांगता येणार नाही. तिला वर्ष घालायचंच असेल, तिने तसं तोंडाने म्हटलं, तर घालू द्या. मग ते बसवणं राहणार नाही.

तर आधी हे करा. कुणालाही पाच हजार देण्याआधी एक संध्याकाळ मेहुणे नाहीत, फोन नाही, असं तिघांनी बसा. तुम्ही फक्त एवढंच विचारा: "तिसऱ्यांदा द्यायची का?" आणि गप्प बसा. ती पाच मिनिटं काही बोलणार नाही, कदाचित रडेल. तुम्हाला लगेच बोलावंसं वाटेल, समजावावंसं वाटेल. चहा पीत राहा. "तुम्ही म्हणाल तसं" असं म्हणाली तर ते उत्तर धरू नका, दोन दिवसांनी आईला विचारू द्या.

त्यानंतरही गाठ सुटली नाही, तर कोच लावा, जरूर लावा. एकच बैठक घ्या, तीन नकोत. पहिला अर्धा तास ती एकटी आत जाईल. बाहेर आल्यावर "काय विचारलं गं?" असं विचारायचं नाही, एसटीत तर नाहीच.

मला उत्तर लिहायचं असेल तर तिने स्वतःच्या मनाने लिहावं आणि तुम्ही ते वाचू नये. तुमचं काही म्हणणं असेल तर तुम्ही लिहा, अक्षर कसंही असलं तरी मी वाचीन. माझ्या वडिलांचं तुमच्याहून वाईट होतं.

आणि लातूरच्या क्लासचा पुढच्या बॅचचा हप्ता अजून भरला नसेल तर थांबा. भरला असेल तर पावती जपून ठेवा. मुलाने मधेच क्लास सोडला तर उरलेल्या दिवसांचे पैसे दहा दिवसांत परत करा, असं त्याच २०२४ च्या सूचनांत आहे. क्लासवाले कुरकुर करतील. पावती नसेल तर कुरकुरसुद्धा करणार नाहीत, सरळ ओळखच देणार नाहीत.