‘मला खुनाच्या बातम्या आवडतात’

प्रश्न : ताई, लिहायला लाज वाटते, पण मला खुनाच्या बातम्या बघायला आवडतात. मी ऐरोलीत राहते, साठी उलटली आहे. दुपारी भाजी निवडताना मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवते आणि एकामागून एक तेच बघते. सुनेची चाहूल लागली की झटकन मोदकांचा व्हिडिओ लावते. मूळची मी पुण्याची. जोशी-अभ्यंकर खून झाले तेव्हा शाळेत होते. दिवेलागणीला आळीतली दारं बंद व्हायची. आई पेपर गादीखाली लपवायची आणि मी तो तिथूनच काढून वाचायचे. गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या सोसायटीत एका मुलीचा खून झाला. चॅनलच्या गाड्या आल्या. मी कोथिंबिरीच्या निमित्ताने त्या गेटवरून दोनदा गेले. दुसऱ्यांदा तिची आई रिक्षातून उतरत होती. तिच्या एका पायात चप्पल नव्हती. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही, तरी बघणं सुटत नाही. वर परवा नातू विचारतो, ‘आजी, खाली खेळायला गेलो तर खुनी येईल का?’ माझं डोकं ठिकाणावर आहे ना?
– एक आजी, ऐरोली

उत्तर : आजी, डोकं ठिकाणावर आहे. नाहीतर ती चप्पल तुमच्या लक्षात राहिली नसती.

ही ओढ तुमच्या मोबाइलने लावलेली नाही. १९५९ मध्ये मुंबईत नौदलाच्या कमांडर नानावटींनी बायकोचा प्रियकर प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या, तेव्हा तो टॉवेलवर होता. तो खटला चालू असताना रस्त्यावर फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ आणि ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ विकत होते, आणि चांगल्या घरचे लोक ते विकत घेत होते. तेव्हा तुमची कोथिंबीर तशी निरुपद्रवीच म्हणायची. पण त्या गेटवरून पुन्हा जाऊ नका. ओळख नसताना सांत्वनालाही नको.

मी ठाण्याच्या सत्र न्यायालयात बातमीदार म्हणून बरीच वर्षं बसले. चॅनलवर जे दिसतं त्यातलं तिथे जवळजवळ काहीच नसतं. शिपाई मुद्देमालाचं पाकीट आणतो, सील फोडलं की लाखेचे तुकडे टेबलावर पडतात आणि आतून निघतो एखादा वाळून कडक झालेला शर्ट. पंच, म्हणजे जप्तीचा साक्षीदार, म्हणतो, ‘साहेब, कोऱ्या कागदावर सही घेतली होती.’ झालं, पंच फितूर. पुढची तारीख. मागच्या बाकावर खून झालेल्या माणसाचे आईवडील डबा घेऊन बसलेले असतात, आणि दुसरीकडे जागा नाही म्हणून त्यांच्याच शेजारी कधीकधी आरोपीची बायको. हे कोणी दाखवत नाही, कारण यात बघण्यासारखं काही नाही.

माझा राग आहे तो ‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ या वाक्यावर. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं, आणि २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांना बजावलं, की अशी कबुली ग्राह्य पुरावा असल्यासारखी छापू नका आणि गुन्ह्याची नाट्यं उभी करू नका. तरी रोज संध्याकाळी लाल बाणांची ॲनिमेशनं चालूच आहेत.

नोएडाचं आरुषी प्रकरण तुम्ही पाहिलंच असेल. मे २००८. शाळकरी आरुषीचा राहत्या घरात खून झाला. पहिल्या दिवशी संशय घरच्या नोकरावर, हेमराजवर. दुसऱ्या दिवशी त्याचाच मृतदेह गच्चीवर सापडला. मग चॅनलांनी मोहरा आईवडिलांकडे वळवला. २०१३ मध्ये त्यांना जन्मठेप झाली आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. नऊ वर्षं गेली. हेमराज पहिल्या चोवीस तासांत ‘खुनी’ होता, हे आज कितीजणांना आठवतं?

म्हणून तुम्हाला बघणं सोडा असं मी सांगणार नाही. सुटणारही नाही. एकच करा : रोज नवा खून बघण्याऐवजी एकच खटला धरा आणि निकालापर्यंत सोडू नका. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीख मिळते, नातवाचे बाबा शोधून देतील. आपल्याकडे सुनावणी सहसा खुली असते. बलात्काराच्या खटल्यांसारखे काही बंद दाराआड चालतात. एखाद्या दिवशी ऐरोलीहून लोकल पकडा, ठाण्याला उतरा आणि चालत कोर्ट नाक्याला या. पहिल्या तासात कंटाळाल. मग तो लाखेचा तुकडा दिसेल.

सुनेपासून लपवू नका. मोदकांच्या व्हिडिओचं तिला केव्हाच कळलं असणार. आणि नातवाचं : मी ऐकलेल्या बहुतेक खटल्यांत मारणारा ओळखीतला होता. जमीन, पैसे, संशय, दारू. खाली खेळणाऱ्या पोराची वाट बघत बसलेला अनोळखी खुनी मला तिथे क्वचितच भेटला. पण हे सगळं पोराला समजावू नका. संध्याकाळी मोबाइल घरी ठेवा आणि तो खेळेल तेवढा वेळ खाली बाकावर बसा.