वसतिगृहात वेगवेगळ्या समाजांच्या मुली आपापले गट करून राहतात. त्यांना एकत्र आणायला काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की धुळ्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम यंदाच तुमच्याकडे आलंय. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या पावरा आणि भिल्ल या आदिवासी समाजांच्या मुली एका टेबलावर जेवतात, शहरातल्या दुसऱ्या टेबलावर, आणि मुस्लीम मुली ताट घेऊन खोलीत जातात. यांना जवळ आणायला कोणते कार्यक्रम घ्यावेत, असा तुमचा प्रश्न आहे.

जळगाव जिल्ह्यातल्या अशाच एका वसतिगृहात मी ११ वर्षं रेक्टर होते. कार्यक्रम राहू द्या ताई. आधी खोल्यांची यादी हातात घ्या.

पहिल्या वर्षी मी यादी केलीच नाही. मुलींनी आपापल्या गावच्या मैत्रिणी धरल्या आणि पंधरा दिवसांत वरच्या मजल्याला ‘पावऱ्यांचा मजला’ असं नाव पडलं. मला ते फार लागलं, म्हणून पुढच्या वर्षी सगळं उलटं केलं. चार खाटांच्या प्रत्येक खोलीत जळगाव-भुसावळकडच्या तिघी आणि पाड्यावरची एक. कागदावर यादी फार छान दिसत होती. त्यातली अक्राणीची एक मुलगी दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. तिच्या वडिलांना फोन केला तर म्हणाले, "तिला तिथं बोलायला कोणी नाही." खरंच, तिच्याशी कोणी भांडलं नव्हतं, वाईटही बोललं नव्हतं. पण दिवसभर वर्गात पुस्तकी मराठी, रात्री खोलीतही तीच. दिवा मालवल्यावर आपल्या पावरी बोलीत दोन शब्द बोलावेत असं माणूस जवळ नव्हतं. हुशार मुलगी होती. मला ती आजही आठवते.

तेव्हापासून चार खाटा असतील तर दोन-दोन, हा माझा नियम. दोघी एका बोलीच्या, दोघी दुसऱ्या. कोणाला कोण, हे पहिल्या वर्षाच्या मुलींसमोर मेसच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या काढून ठरवायचं. खोली बदलायची असेल तर पहिलं सत्र संपल्यावर, आणि कारण फक्त मला सांगायचं. मात्र कोणी छळतंय अशी तक्रार असेल तर त्याच दिवशी.

पालक येतील. "आमच्या मुलीला आपल्यातल्याच मुलींची खोली द्या" म्हणतील, वरून फोनही येतील. मी एवढंच म्हणायचे, कारणासह अर्ज लिहून द्या, समितीपुढे ठेवते. ११ वर्षांत तसा एकही अर्ज माझ्या टेबलावर आला नाही.

दुसरी जागा म्हणजे मेस. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं, तेव्हा सगळ्या जातींची मुलं तिथं एकत्र स्वयंपाक करून एकाच पंगतीला जेवत. शंभर वर्षं झाली, आणि आपल्याकडे अजून ताटावरून टेबलं वेगळी होतात. आमच्याकडे नवरात्रात भगर आणि साबुदाण्याची खिचडी कोणी न मागता व्हायची. रमजानमध्ये पहाटेच्या सहरीसाठी मात्र मुलींना अर्ज करावा लागायचा. हा फरक कित्येक वर्षं कोणाच्या लक्षातही आला नव्हता, माझ्यासुद्धा. मग सहरीचा डबा रात्रीच भरून ठेवायचं मेसच्या कामातच धरलं. अंड्या-मटणाच्या दिवशी भांडी आणि पळ्या वेगळ्या ठेवा, बिनकांद्या-लसणाची भाजीही करा, टेबलं मात्र वेगळी करू नका. महिन्यातून दोनदा एखाद्या मुलीनं मेसच्या मावशींजवळ उभं राहून आपल्या घरचं काही करवून घ्यायचं. मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ झाली त्या दिवशी भरीत आणि कळण्याची भाकरी खाणाऱ्या जळगावकडच्या मुलींनी दोनदा वाढून घेतलं.

नोटीस बोर्डाकडेही बघा. फी बाकी असलेल्यांची यादी तिथं लागते ना? महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणारी शिष्यवृत्ती उशिरा जमा होते, म्हणून त्या यादीत नेमकी अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींची नावं दिसतात. यात त्यांची चूक काडीची नसते, आणि वाचणाऱ्या सगळ्याजणींना त्यांचा प्रवर्ग कळतो. ती यादी आजच काढा. ज्याची बाकी त्याला बोलावून सांगता येतं.

होळीच्या आधी सातपुड्यात आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात आणि काठी गावची होळी पाहायला लांबलांबचे लोक येतात. पाड्यावरच्या मुलींची खरी दिवाळी ती असते. तेव्हाची रजा दिवाळीसारखीच द्या, हजेरीवरून बोलणं ऐकवू नका.

अपंग मुलीला तळमजला आणि तिथंच कमोडचं स्वच्छतागृह, एवढं तरी तिला मागायला लावू नका.

कोणी जातीवरून, बोलीवरून टोमणे मारत असेल तर "मुली आहेत, चालायचंच" म्हणून सोडू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली. जात, धर्म, वर्ण, लिंग, भाषा, राहण्याचं ठिकाण किंवा आर्थिक परिस्थिती यांवरून केलेला शारीरिक वा मानसिक छळ, अगदी मुद्दाम वेगळं पाडणंसुद्धा, आता रॅगिंग आहे. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन प्रत्येक मजल्यावर मराठीत लिहून लावा.

बोलीचं एक सांगायचंच आहे. माझ्या पहिल्याच आठवड्यात एक मुलगी दारात येऊन म्हणाली, "मॅडम, तू चावी दे." मी तिला सगळ्यांदेखत टाकून बोलले. ती नंतर महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तिच्या घरी मोठ्यांनाही ‘तू’च म्हणतात, हे मला तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. मी तिच्या खोलीत जाऊन माफी मागितली. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथलं छात्रालय सांभाळत होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, त्यांचे कपडे धूत. आपल्याच खानदेशातली गोष्ट आहे ही. त्यांच्यापुढे माझं खोलीपर्यंत जाणं काहीच नाही, पण त्या दिवसापासून मुली माझ्याकडे यायला लागल्या.

यंदाची यादी लागून गेली असेल तर घाबरू नका, दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला खाटा बदलता येतात. त्याआधी पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला एकटीला बोलावून एकच विचारा, "खोलीत तुझ्या बोलीत बोलायला कोणी आहे का?" ज्या ‘नाही’ म्हणतील त्यांची नावं वहीत वर लिहा, आणि नवी यादी तिथून सुरू करा.