वडिलांच्या आजारात 'मायलिन बनवणाऱ्या पेशींत दोष' आहे म्हणतात. म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लिहिलंय की फोंड्याला तुमच्या वडिलांना दीड वर्ष पार्किन्सन्सच्या गोळ्या चालू होत्या, फरक पडला नाही, आणि आता डॉक्टरांनी मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी हे नाव सांगितलं. मायलिनच्या पेशींबद्दल एक वाक्य बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत घेतलं. तुमचा प्रश्न वाचून मला राहवलं नाही, कारण माझे बाबा याच आजाराने गेले. मी डॉक्टर नाही. डिचोलीकडे हायर सेकंडरीत जीवशास्त्र शिकवते, आणि बाबा आजारी असताना या पेशींबद्दल मिळेल ते वाचत गेले.

मी वर्गात कित्येक वर्षं सांगायचे, मायलिन म्हणजे चेतातंतूंवरचं वेष्टण, वायरीवरचं रबर. त्यात खोटं काही नाही. मायलिन नसलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला साधारण एक मीटर सरकतो, जाड मायलिन असलेल्या तंतूतून शंभर मीटरच्या आसपास धावतो. पण आता मी ही उपमा देत नाही, कारण रबर निर्जीव असतं. मायलिन हा एका जिवंत पेशीचाच भाग आहे. तिचं नाव ऑलिगोडेंड्रोसाइट, ते 1921 साली पिओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने दिलं. ही पेशी चारी बाजूंना फांद्या पसरते आणि प्रत्येक फांदीचं टोक शेजारच्या अक्षतंतूच्या, म्हणजे चेतापेशीच्या संदेश नेणाऱ्या लांब तंतूच्या, एका तुकड्याभोवती गुंडाळते. एकेक पेशी असे डझनावारी तुकडे सांभाळते.

आणि नुसती गुंडाळत नाही, भरवते. चेतापेशीचा अक्षतंतू कधी कधी हातभर लांब असतो. इतक्या लांबवर स्वतःच्या बळावर ऊर्जा पोचवणं तिला जड जातं, शिवाय मायलिनमुळे तंतूचा बाहेरच्या द्रवाशी संबंध जवळजवळ तुटलेला असतो. मग ऑलिगोडेंड्रोसाइट साखरेपासून लॅक्टेट नावाचं इंधन तयार करते आणि ते आतून तंतूला पुरवते. 2012 साली उंदरांवरच्या प्रयोगात या पेशींतली लॅक्टेट बाहेर सोडणारी वाट बंद केली, तर अक्षतंतू खराब होऊ लागले.

तुम्ही फोंड्याचे, म्हणून कुळागराचंच, पोफळीच्या बागेचंच, उदाहरण देते. शिंपणं करणारा गडी एक, त्याच्या वाट्याला पोफळी चाळीस. गडी अंथरुणाला खिळला तर पोफळी लगेच मरत नाहीत. आधी सुकतात, मग शेंडे झुकतात, आणि बघणाऱ्याला वाटतं पोफळींनाच रोग लागला.

आता तुमच्या वडिलांच्या आजाराकडे येते. पार्किन्सन्स आणि हा आजार, दोन्हींत अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात. पार्किन्सन्समध्ये त्या मुख्यतः चेतापेशींत सापडतात, मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफीत मुख्यतः ऑलिगोडेंड्रोसाइटमध्ये. ऑलिगोडेंड्रोसाइटमधल्या या गुठळ्या लंडनच्या संशोधकांनी 1989 साली दाखवल्या; त्या अल्फा-सिन्युक्लिनच्या आहेत हे नंतर कळलं. पूर्वी या आजाराची वेगवेगळी रूपं वेगवेगळ्या नावांनी ओळखली जात. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मायलिनपाशी असायला हवं असं पी25-अल्फा नावाचं प्रथिन या आजारात जागा सोडून पेशीच्या मुख्य भागात जमा होतं, आणि हे गुठळ्या होण्याच्याही आधी घडत असावं असं दिसतं. म्हणजे चेतापेशी मरायच्या कितीतरी आधी बिघाड सुरू झालेला असावा. ते सिन्युक्लिन ऑलिगोडेंड्रोसाइट स्वतः बनवते की चेतापेशींकडून शोषून घेते, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

गोळ्या का लागू पडल्या नाहीत, तेही यातून कळतं. पार्किन्सन्समध्ये डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन बनवणाऱ्या पेशी जातात, पण ते घेणाऱ्या पेशी बऱ्याच शाबूत असतात, म्हणून बाहेरून दिलेलं औषध उपयोगी पडतं. इथे घेणाऱ्या पेशीही झिजतात. त्यामुळे आधीच्या डॉक्टरांवर फार राग धरू नका. सुरुवातीला हे दोन आजार वेगळे ओळखणं खरोखर कठीण असतं.

बाकी आजारांबद्दल थोडक्यात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मायलिनवर उलटते, तो मार्ग वेगळा. एएलएस म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार; तो असलेल्या उंदरांत फक्त या पेशींतलं सदोष जनुक काढलं, तरी आजार उशिरा सुरू झाला. अल्झायमरमध्ये मेंदूच्या ज्या भागांना मायलिन सर्वांत शेवटी चढतं ते बरेचदा आधी झिजतात, आणि 2023 साली जर्मनीतल्या गटिंगेनच्या शास्त्रज्ञांनी उंदरांत दाखवलं की मायलिन बिघडलं की अमायलॉइडचे, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचे, थर वाढतात. उंदरांवरून माणसाबद्दल छातीठोकपणे बोलता येत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

आजार थांबवणारं औषध आज नाही. मायलिन वाढवणारं तेल किंवा पावडर म्हणून कुणी काही विकत असेल तर त्यात पैसे घालवू नका, आम्ही घातले. बी12 मात्र जरूर तपासा. त्याच्या कमतरतेने मायलिन वेगळंच खराब होतं, आणि ती कमतरता भरून काढता येते.

आमचे बाबा शिगम्याच्या सणाला गावच्या मांडावर बसले होते, उठून उभे राहिले आणि कोसळले. आम्ही उन्हाला दोष दिला. खरं तर उभं राहताच त्यांचा रक्तदाब उतरत होता, आणि पार्किन्सन्सच्या गोळ्या तो आणखी उतरवतात. वडिलांचा रक्तदाब आडवं असताना घ्या, मग उभं राहून तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मनाने बंद करू नका. या आजारात घाम कमी येऊ शकतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये त्यांना दुपारी बाहेर नेऊ नका. आणि रात्री झोपेत श्वास आत घेताना घोरण्यापेक्षा वेगळा, शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो का, ते एकदा जागून ऐका. येत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जा.