तुमचे प्रश्न : मेलमध्ये फोटो मावत नाहीत

प्रश्न : नातीचं बारसं गेल्या महिन्यात आमच्याकडे सांगलीत झालं. जावई न्यू जर्सीत, त्यांना रजा मिळाली नाही. १४ फोटो निवडून जीमेलवरून पाठवायला घेतले तर जातच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले, तर जावई म्हणाले मोबाईलवर छान दिसतात, पण बाळाला पाळण्यात घालतानाचा फोटो मोठा करून फ्रेम करायचाय, तो धूसर येतोय. शेजारचा मुलगा म्हणतो पेंटमध्ये उघडा, २५ टक्के करा आणि सेव्ह करा. करू का?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : काका, सेव्ह दाबू नका! आधी ते १४ फोटो कॉपी करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, फोल्डरला "बारसं मूळ" नाव द्या आणि त्याला परत हात लावू नका, जे काय छोटं करायचं ते या फोल्डरबाहेरच्या दुसऱ्या प्रतीला करायचं. एवढं कळवळून सांगतेय कारण माझी आत्या गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकच मनासारखा फोटो होता, माझ्या लग्नातला, नऊवारी, नथ, आणि कोणाकडे तरी बघून हसतेय असा. तो मी कधीतरी मेल करायला म्हणून ६४० पिक्सेल (फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो ते) रुंद केला होता आणि त्याच नावाने सेव्ह केला होता. १२ इंची फ्रेमसाठी स्टुडिओत दिला तर एका इंचाला जेमतेम ५३ पिक्सेल आले, नीट प्रिंटला ३०० लागतात. नथीचे मोती वेगवेगळे दिसतच नाहीत, नाकापाशी एक पांढरा ठिपका आहे फक्त. गेलेले पिक्सेल कुठल्याही सॉफ्टवेअरने खरेखुरे परत येत नाहीत, ते अंदाजाने भरतात, आणि आपल्या माणसाचा चेहरा अंदाजाने भरलेला आपल्याला चालत नाही.

आता तुमचं मेल का जात नाही ते बघू. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३०००, १ कोटी २० लाख पिक्सेल. असा एक फोटो साधारण ५ एमबी धरला तर १४ चे झाले ७० एमबी, आणि जीमेलची मर्यादा आहे २५ एमबी. त्यातही मेलमधून जाताना फाईल अक्षरांच्या रूपात बदलून जाते, त्यात ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १८ एमबीच्या आत राहिलेलं बरं. लांब बाजू १६०० पिक्सेल केली की तोच फोटो १६०० गुणिले १२००, म्हणजे १९ लाख २० हजार पिक्सेल, मूळच्या सहाव्या हिश्शापेक्षा कमी, आणि फाईल बहुतेक वेळा अर्ध्या एमबीच्या आसपास येते. सगळे १४ एका मेलमध्ये आरामात जातील, जावयांना लॅपटॉपवर स्वच्छ दिसतील आणि ६ बाय ४ ची प्रिंटसुद्धा चांगली निघेल.

फ्रेमचा फोटो मात्र छोटा करायचाच नाही. १० बाय ८ ला ३००० गुणिले २४०० लागतात, तेवढे तुमच्या मूळ फोटोत आहेत, म्हणून तो एकटा वेगळ्या मेलने जसाच्या तसा पाठवा, ५ एमबी सहज जातात. व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पाठवायचा असेल तर फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका, तसा तो मूळ आकारात पोचतो.

पेंटमध्ये करायचं तर "बारसं मूळ"च्या बाहेरची प्रत उघडा, कंट्रोल आणि डब्ल्यू एकत्र दाबा, टक्के सोडून पिक्सेल निवडा, आडव्या फोटोला रुंदी १६०० आणि उभ्याला उंची १६०० टाका. लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवायची खूण तिथे असते ती काढू नका, नाहीतर बाळ चपटं होईल. पण १४ वेळा हे करत बसायचा कंटाळा येणार. मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉईज नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते घातलं की सगळे फोटो एकदम सिलेक्ट करून राइट क्लिक करायचं, त्यात इमेज रिसायझर येतो, दोन्ही खान्यांत १६०० टाकून "फिट" हा पर्याय ठेवायचा, झालं. मला ते आवडतं कारण तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय ते मूळ फोटोला हात लावत नाही, शेजारी नवीन कॉपी करून ठेवतं.

प्रश्न : फोटोचा डीपीआय ३०० होता, मी ७२ केला, तरी फाईल तेवढीच. असं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण पिक्सेल तेवढेच राहिले. डीपीआय म्हणजे प्रिंटरसाठी लिहून ठेवलेली चिठ्ठी आहे, की एका इंचात एवढे ठिपके बसव. चिठ्ठी बदलून पोत्यातलं धान्य कमी होत नाही. मेलसाठी तिकडे बघूच नका, पिक्सेल कमी करा.

प्रश्न : बँकेच्या परीक्षेचा आयबीपीएसचा फॉर्म भरतेय. फोटो २० ते ५० केबीमध्ये हवाय. मी ५०० केबीचा २०० केला, मग १००, मग ६०, आता ४८ झालाय पण चेहऱ्यावर चौकोन चौकोन दिसतात. सही तर वाचताच येत नाही.
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : अगं, हे टप्प्याटप्प्याने करणंच नडलं. जेपीईजी, म्हणजे फोटो साठवायची नेहमीची पद्धत, फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातला बारकावा टाकून देतं, आणि तू प्रत्येक वेळी आधीच खराब झालेल्या फोटोवर तेच पुन्हा केलंस. परत मूळ फोटो घे, आधी चेहरा आणि खांदे येतील एवढा क्रॉप कर, मग एकाच फटक्यात २०० गुणिले २३० पिक्सेल कर, आणि बहुतेक तेवढ्यावरच काम होईल. एवढ्या कमी पिक्सेलची फाईल मुळात लहानच होते, क्वालिटी खाली ओढायची गरज पडत नाही. उलट २० च्या खाली गेली तर क्वालिटी थोडी वाढव.

सहीला १४० गुणिले ६० आणि १० ते २० केबी लागतात. तू बहुतेक अख्ख्या कागदाचा फोटो काढून तो छोटा केलास, त्यात सही मुंगीएवढी झाली. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने सही कर, दिवसा खिडकीशी धरून फोटो काढ म्हणजे मोबाईलची सावली पडणार नाही, आणि सहीच्या अगदी कडेकडेने क्रॉप करून मगच आकार बदल. सबमिट करायच्या आधी प्रिव्ह्यू उघडून बघ, तुझी तुला ओळखता आली पाहिजे.

प्रश्न : जुना सोफा विकायचाय, त्याचे घरात काढलेले फोटो अनोळखी माणसाला मेल करायचेत. फोटोतून पत्ता कळतो असं ऐकलं, खरं का?
— एक गृहिणी, पनवेल

उत्तर : खरंय. मोबाईलच्या कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर तुमचं घर नकाशावर कुठे आहे ते फोटोच्या फाईलमध्येच लिहिलं जातं, आणि फोटो छोटा केला म्हणून ते निघून जाईलच असं नाही. विंडोजमध्ये फोटोवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, डिटेल्समध्ये सगळ्यात खाली ही माहिती काढून टाकायची सोय आहे, त्यातून माहिती काढलेली वेगळी कॉपीच करून घ्या आणि ती पाठवा. आयफोनवरून पाठवत असाल तर शेअर करताना वर ऑप्शन्स दिसतं, तिथे लोकेशन बंद करा. आणि सोफ्यामागच्या भिंतीवर नावाची पाटी, लाईट बिल, मुलांचं शाळेचं आयकार्ड असं काही आलंय का तेही एकदा मोठं करून बघा.