इंजिन बांधलं आणि हेडर लाल पेटला

प्रश्न: काका नमस्कार. बाबांची १९८४ ची अ‍ॅम्बॅसेडर आहे, मार्क फोर, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. आठ वर्षं सोसायटीच्या कंपाउंडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. दिवाळीनंतर इंजिन बांधायला दिलं, बोअर, रिंगा, बेअरिंग, हेड सगळं झालं, आणि जुनी बिडाची एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारी) तडकलेली निघाली म्हणून तिच्या जागी पाईपचा हेडर बनवून बसवला. आवाज मस्त येतो. पण रात्री आठ-दहा मिनिटं उभी चालू ठेवली की हेडर विस्तवासारखा लाल दिसतो. पिकअप नाही, परळच्या ब्रिजवर सेकंड टाकावा लागतो, टेम्परेचरचा काटा वर जातो, आणि गरम असताना बंद केली की परत स्टार्ट व्हायला रडते. मेकॅनिक म्हणतो नवीन इंजिन घट्ट आहे, हजार किलोमीटर फिरवा, आपोआप सुटेल. फिरवू का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर: अजिबात नको. हजार काय, दहा किलोमीटरपण नको.

मुंबईत अ‍ॅम्बॅसेडर सांभाळणारा माणूस भेटला की बरं वाटतं, इथे सगळं राज्य कुर्ल्यात बनलेल्या फियाटचं होतं. असो. नवीन बांधलेलं इंजिन घट्ट असतं हे खरं, सुरुवातीला जरा जास्त तापतं हेही खरं, पण त्याने उभ्या गाडीचा हेडर लाल होत नाही. अंधारात लोखंड ५०० डिग्री सेल्सियसच्या थोडं पुढे गेलं की मंद लाल दिसायला लागतं आणि चांगलं चेरीसारखं लाल म्हणजे ७०० च्या आसपास. कसारा घाटात रात्री फुल अ‍ॅक्सिलरेटरवर चढताना पातळ पाईपचा हेडर जरासा लालसर दिसला तर मी दुर्लक्ष करीन. आयडलिंगला दिसला तर इंजिन बंद करीन.

तुमच्या पत्रात चार लक्षणं आहेत, हेडर लाल, पिकअप नाही, काटा वर, गरम स्टार्टिंगला त्रास. चारही एकाच ठिकाणाहून येऊ शकतात: स्पार्क उशिरा पडतोय, म्हणजे टायमिंग रिटार्ड आहे. भाकरी तव्यावर भाजायची, ती ताटात पडल्यावर भाजायला लागली तर तापणार ताटच ना? तसंच आहे हे. पिस्टन वर असताना पेट्रोल पेटायला हवं म्हणजे त्या आगीचा धक्का पिस्टनला मिळतो. उशिरा पेटलं की पिस्टन निम्मा खाली गेलेला असतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही आग चालूच असते आणि ती तशीच पाईपात जाते. धक्का मिळत नाही म्हणून पिकअप नाही, जाताजाता हेडमधला एक्झॉस्टचा रस्ता भाजून निघतो म्हणून पाणी तापतं. वर असं की उशिराच्या टायमिंगवर इंजिन आयडलिंगला बसत नाही, बंद पडतं, मग मेकॅनिक काय करतो, कार्बचा (कार्बुरेटरचा, जो पेट्रोल-हवा मिसळतो) स्क्रू फिरवून रेस वाढवून ठेवतो, म्हणजे अजून पेट्रोल आणि अजून आग. आणि या इंजिनात कार्ब आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, कार्ब वर आणि हेडर त्याच्या खाली, त्यामुळे गाडी बंद केल्यावर कार्बच्या वाटीतलं पेट्रोल खालच्या आचेने उकळतं. रडणार नाही तर काय.

म्हणून कार्बला हात लावायचा नाही. आधी टायमिंग. हे मी मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे काहीही झालं की पहिला कार्ब उघडतात, आणि मग दोन बिघाड होतात, आधीचा एक आणि नवा एक.

टायमिंग कानाने लावलेलं चालणार नाही. आधी पॉइंटचा गॅप बघा, पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले दोन संपर्क, ते उघडले की स्पार्क पडतो, लुकासच्या डिस्ट्रिब्युटरला साधारण १५ थाऊ म्हणजे ०.३८ मिमी. हा आधी का, तर गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे जातं. मग १२ व्होल्टचा बल्ब घ्या, एक वायर कॉइलकडून पॉइंटला येणाऱ्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन ऑन करा, इंजिन हँडलने सरळ दिशेने हळू फिरवा, एक नंबरचं कॉम्प्रेशन येतंय आणि रोटरचं तोंड एक नंबरच्या वायरकडे आहे याची खात्री करा. बल्ब ज्या क्षणी पेटतो तिथे पॉइंट उघडले. त्या वेळी पुलीवरची खूण मॅन्युअलमध्ये दिलेल्या डिग्रीवर पाहिजे. नसेल तर डिस्ट्रिब्युटर रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेला जरासा वळवा, टायमिंग पुढे येईल. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, वायरी एकदा मोजून घ्या, बांधाबांधीत अदलाबदल होते.

मग डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्युमची बारीक नळी काढून तोंडाने ओढा. आतली प्लेट हलली पाहिजे आणि नळी जिभेने बंद केली तर तशीच थांबली पाहिजे. नाही थांबली तर डायफ्राम, म्हणजे नळीच्या टोकाच्या डबीतला पडदा, फाटलाय. आणि आठ वर्षं पडून असलेल्या गाडीत प्लेटखालची वजनं जुन्या ग्रीसमध्ये चिकटून बसलेली असतात, रेस दिली तरी टायमिंग पुढे जात नाही. टायमिंग लाईट लावून रेस वाढवा, खूण सरकताना दिसली पाहिजे. एवढं करूनही खूण बरोबर आणि गाडी मेलेलीच असेल तर टायमिंग चेन एक दाता चुकवून बसवलीय का हे बघावं लागेल, आणि तसं निघालं तर तो खर्च ज्याने इंजिन बांधलं त्याचा.

प्रश्न: काका, तीन आठवड्यांनी परत लिहितोय. टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) सहा डिग्री नंतर निघालं! व्हॅक्युमचा डायफ्रामपण फाटलेला. दोन्ही केलं, आता हेडर अंधारातही लाल होत नाही आणि परळचा ब्रिज थर्डला चढते. पण टेम्परेचर गन लावली तर तीन पाईपांपैकी मधला सगळ्यात गरम दाखवतो. आणि प्लग काढले तर १-२ चॉकलेटी, ३-४ पांढरेफटक. मधल्या पाईपात काय बिघडलंय?

उत्तर: मधल्या पाईपात काहीच नाही. या इंजिनाच्या हेडला एक्झॉस्टची तोंडं तीनच, कडेच्या दोन सिलेंडरना एकेक आणि २-३ ची मिळून मधली एक. दोन सिलेंडरचा धूर एकट्याने नेणारा पाईप जास्त गरम राहणारच. (गन कुठली वापरलीत? कोविडमध्ये कपाळाला लावायची घरात उरली असेल तर ती ४०-४५ डिग्रीच्या पुढे जात नाही. नागदेवी स्ट्रीटला कारखान्यांची मिळते ती घ्या, आणि पाईप चकचकीत असेल तर तिथे हीटप्रूफ काळ्या रंगाचा ठिपका मारून मोजा, चकचकीत धातूवर ती चुकीचं दाखवते.)

खरी गोष्ट तुमच्या प्लगांनी सांगितलीय. चॉकलेटी प्लग म्हणजे ठीक, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. इनटेकची तोंडं दोन आहेत, पुढचं १-२ ला आणि मागचं ३-४ ला. दोनच प्लग पांढरे आणि ते एकाच तोंडावरचे म्हणजे मागच्या तोंडाला बाहेरची हवा घुसतेय. कार्ब दोन्हीकडे सारखंच मिश्रण देतो, दोष त्याचा असता तर चारही पांढरे झाले असते. आणि हवा का घुसतेय याचा माझा अंदाज तुमच्या नवीन हेडरवर आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, गॅसकेट एकच, आणि मधले स्टड-वॉशर दोघांना मिळून दाबतात. बनवणाऱ्याने हेडरची फ्लँज (हेडला टेकणारी पट्टी) इनटेकपेक्षा जाड घेतली असली की वॉशर हेडरवरच टेकतो, इनटेक सैल राहतो, नट कितीही आवळा. कॅलिपरने दोन्हींची जाडी मोजा, फरक असेल तर लेथवाल्याकडून फ्लँज सारखी करून घ्या किंवा पायरीचे वॉशर बनवून घ्या. स्टड पिळून तोडू नका.

खात्री करायची तर सकाळी थंड इंजिन सुरू करून लगेच त्या जोडावर साबणाचं पाणी थोडं सोडा, आवाज बदलला की लीक तिथेच. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारायचा सल्ला कोणीतरी देईलच, हेडरच्या इतक्या जवळ मी तो मारणार नाही.

हे झाल्यावर चारही प्लग पांढरट राहिले तर मग कार्ब. आता पंपावर मिळतं ते ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल, त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, याला साडेतेराच्या आसपास, म्हणजे जुन्या जेटवर (कार्बमधलं पेट्रोलचं बारीक भोक) गाडी आपोआप लीन चालते, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा. आणि हेड बनवताना एक्झॉस्ट व्हॉल्व्हना कडक सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) बसवल्यात का ते विचारा, शिशाचं पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं, जुन्या बिडाच्या सीट बिनशिशाच्या पेट्रोलवर झिजतात आणि टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) गॅप खातात. ५०० किलोमीटरवर टॅपेट परत चेक कराच.

प्रश्न: जीपच्या हेडरला ती पांढरी पट्टी गुंडाळतात ती गुंडाळू का? बॉनेटखाली फार उकडतं. – ठाणे

उत्तर: हेडर आधी लाल होत नाही ना हे बघून गुंडाळा. पट्टीने गरमी पाईपात कोंडली जाते, बॉनेट थंड राहतं, पाईप अजून तापतो, आणि आत लाल झालेला कळणारपण नाही. शिवाय आपल्या पावसात पट्टी पाणी धरून ठेवते, साध्या लोखंडाचा पाईप दोन-तीन पावसाळ्यांत आतल्या आत गंजतो. मी तुमच्या जागी असतो तर कार्ब आणि हेडरच्या मध्ये पत्र्याची ढाल ठोकली असती, पेट्रोलची रबरी नळी लांबून फिरवली असती आणि पट्टीचे पैसे वाचवले असते.

प्रश्न: बुलेटचं इंजिन बांधल्यावर बेंड पाईप निळा पडला. – विक्रोळी

उत्तर: हेडजवळ चार बोटं निळा-पिवळा झाला तर सोडून द्या, क्रोम तापलं की होतं. वीतभर खाली उतरला असेल तर टायमिंग आणि टॅपेट बघा, आणि बेंडाच्या तोंडाशी काळा धूर मारलेला असेल तर आधी तिथलं पॅकिंग बदला.